पुंडलिकशेठ ‘न्हाय’ म्हणाले

पुंडलिक म्हात्रे नावाच्या माणसाने धडधाकट असताना कुठल्याही गोष्टीला पहिल्या खेपेला होकार दिलेला मी ऐकला नाही. आणि ज्या दिवसांत ऐकला, ते त्यांच्या घरातले काळजीचे दिवस होते. एवढं लक्षात ठेवलंत, की पुढचं सगळं समजेल. निबंधाचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यावा असं मी शाळेत मुलांना आयुष्यभर सांगितलं, तेव्हा तो नियम मलाही लागू.

मीरा आणि ईशान, हे तुमच्यासाठी लिहायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. परवा आई आंघोळीला गेलेली बघून मीराने फोनवर आवाज बारीक केला. “आजी, आईला काही विचारलं की ती ‘मी ठीक आहे’ म्हणते. पण ती ठीक नाहीये. सारखी झोपून असते. आम्हाला कळतं हे तिला कळतं का?” मागून ईशान म्हणाला, “आम्ही विचारलं हे तिला सांगू नकोस.” मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर मला धड सुचत नाही, आणि ही गोष्ट धड सांगायला हवी. शिवाय हिच्यात तुमची आईही आहे, अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, खिशात चिंचेच्या गोळ्या असलेली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही भिवंडीला राहत होतो. धामणकर नाक्यावरून आत वळलं की पुंडलिकशेठचं दुमजली घर. खाली म्हात्रे मंडळी, वर भाडेकरू म्हणून आम्ही, आणि मागच्या अंगणापलीकडे त्यांचा गाळा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांची शेड. माग दिवसरात्र खडखडत. पाहुणे आले की पहिल्या दिवशी कानात बोटं घालत, आम्ही मात्र त्या आवाजात जेवत, भांडत, गाढ झोपत होतो. वीज गेली आणि माग थांबले की सगळी गल्ली दचकून बाहेर यायची. कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखं वाटायचं.

अशा ठिकाणी आयुष्य गेल्यामुळे पुंडलिकशेठना हळू बोलता येत नसे. बनियन, पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल, गळ्यात सोन्याची साखळी आणि या सगळ्याच्या वर तो आवाज. कुणाच्या मयताला समाचाराला गेले आणि शेजाऱ्याच्या कानात काही कुजबुजले, तर ते तिरडी बांधणाऱ्यांपर्यंत पोचत असे. मूळचे शेतकरी. पडघ्याला हायवेला लागून त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. तिथले वाल दरवर्षी परातभर आमच्याकडे येत.

आता त्यांचं ‘न्हाय’. आमच्या मोरीचा नळ गळायला लागला तेव्हा मी रीतसर खाली जाऊन सांगितलं.

“न्हाय!” पुंडलिकशेठ म्हणाले.

“न्हाय काय? गळतोय.”

“न्हाय, बाई! नळ कसा गळंल? नवा हाय तो.”

संध्याकाळच्या आत नळवाला पान्हा घेऊन दारात हजर. पैसे विचारले तर त्यालाही आतूनच “न्हाय!” आलं. हे सगळ्याच बाबतीत चाले. जेवायला बसा म्हटलं की न्हाय, आणि पाट त्यांनीच ओढलेला असे. पुतणीच्या हळदीत वाजंत्री सुरू झाली, पोरं म्हणाली, “काका, नाचायला चला.” “न्हाय!” म्हणेपर्यंत ते अंगणाच्या मधोमध पोचले होते. त्यांची बायको यमुनावहिनी म्हणायच्या, “लग्नात भटजींनी इचारलं, तवा पन न्हायच बोलले आसतील. बँडमुळं मना ऐकू न्हाय आलं.”

एकदा खाडीतून ताजा जिताडा आला. आम्ही शाकाहारी, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी तो हातभर मासा दोन्ही हातांवर घेऊन, तान्हं मूल दाखवायला आणावं तसे ते जिना चढून आले.

“बाई, तुमी खात न्हाय, मना ठाऊक हाय. नुसता बघा. किती देखणा हाय!”

मी पाहिला. देखणा होता. तुमचे आजोबा चष्मा लावून आले, त्यांनीही पाहिला. पुंडलिकशेठ समाधानाने खाली गेले आणि जिन्यावर माशाच्या पाण्याचे थेंब मात्र आठवडाभर दरवळत राहिले.

त्यांना मुलं दोन. मंजुळा सातवीत, दिनू तिसरीत. मंजू माझ्याकडे स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी दुपारी इंग्रजी शिकायला यायची. तिच्या मागच्या इयत्तेत नीला, म्हणजे तुमची आई. दोघींचं गूळपीठ.

एका हिवाळ्यात पुंडलिकशेठनी सगळ्या घराला, भाडेकरूंसकट, टेंपोत घालून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं होतं. अर्थात आधी “न्हाय! कोन शिजवून घेतंय सोताला?” असं म्हणून. तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसून ते “मेलो! मेलो!” असं ओरडत होते आणि कुणी बाहेर काढू लागलं की “न्हाय!” पुढच्या वर्षी थंडी पडल्यावर मुलं पुन्हा मागे लागली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

“बाबा, अकलोलीला जायाचं?”

“बरं,” पुंडलिकशेठ म्हणाले.

मला वाटलं, आता पोरं नाचतील. दिनूने मंजूकडे बघितलं. मंजूने हातातली पिशवी खाली ठेवली आणि मुकाट्याने आतले टॉवेल परत घडी करून कपाटात ठेवले. कुणीही अकलोलीला गेलं नाही.

नंतर माझ्या लक्षात आलं, की पुंडलिकशेठ ‘बसले’ होते. हा मुलांचा शब्द. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी ते असे बसायचे. मागच्या खोलीत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. दाढी नाही, गाळ्यात चक्कर नाही, आवाज नाही. कधी चार दिवस, कधी महिना. यमुनावहिनी गाळा सांभाळायच्या आणि विचारणाऱ्याला सांगायच्या, “पित्त झालंय.” त्यांच्या धाकट्या दिराच्या मते कुणीतरी मागांना नजर लावली होती. आणि मी? एम.ए. इंग्रजी. डिप्रेशन हा शब्द मला चांगला ठाऊक होता. बंगालच्या उपसागरात ते निर्माण झालं की रेडिओ सांगायचा. खालच्या मजल्यावर निर्माण झालेलं ओळखायला आमचं शिक्षण उपयोगी नव्हतं.

तुमचे आजोबा बँकेत होते. त्यांना एका सहकाऱ्याकडून ठाण्यातले एक मनाच्या आजारांचे डॉक्टर कळले, ते त्यांनी वहिनींना सांगून पाहिलं. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. “भावजी, माझा नवरा येडा न्हाय. डोक्याच्या डॉक्टरकडं नेला असं गावात झालं, तर माझ्या मंजूला पोरगा कोन देईल?” मंजू तेव्हा तिथेच तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

मोठी माणसं अशी पित्त, नजर आणि लग्न यांत अडकलेली असताना मुलांनी आपली व्यवस्था लावली होती. ती मला नीलाकडून कळली, तीही तिला फुशारकी मारायची होती म्हणून.

“आई, मी आता बदली आहे.”

“कसली बदली?”

“खालच्या शिफ्टला. दिनूला सरांनी शाळेत थांबवून घेतलं आणि मंजू तुझ्याकडे क्लासला असली, की मी ड्युटीवर.”

बदली म्हणजे नेहमीचा कामगार आला नाही की त्याच्या जागी उभा राहणारा. गाळ्यात पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याला सांगायचा, “तीन नंबर देख लेना, धागा बहुत टूट रहा है.” याला चार्ज देणं म्हणत. या दोघांनी तीच पद्धत बापासाठी उचलली होती. सकाळ मंजूची, दुपार दिनूची. मी एकदा जिन्यात उभी राहून त्यांचा चार्ज ऐकला.

“चार्ज घे. अर्धा कप चहा पिला. दाढी न्हाय.”

“जेवला?”

“अर्धी भाकर. मी पेपर वाचून दाखवला, तर ऐकत होता. मंग झोपला.”

“न्हाय बोलला का?”

“न्हाय.”

“न्हाय बोलला?”

“अरे न्हाय बोलला न्हाय! बरं बोलतो नुसता.”

ड्युटी म्हणजे काय, तर जवळपास असायचं. अभ्यास तिथेच करायचा, गोट्या तिथेच खेळायच्या, आणि बाबाला कळू द्यायचं नाही की आपण लक्ष ठेवतोय. कारण बाबाची समजूत अशी होती, की मुलांना काही ठाऊक नाही. तो मुलं आली की कूस वळवून हसायचा प्रयत्न करायचा. मुलं तो बघून हसायची. दोन्हीकडची मंडळी अशी एकमेकांना सांभाळत बसलेली असत.

शिफ्टचा एक नियम मात्र कडक होता, आणि तो दिनूमुळे करावा लागला. दिनूच्या लक्षात आलं होतं, की बसलेला बाबा कशालाही ‘बरं’ म्हणतो. त्याने एका दुपारी कुल्फी मागितली. बरं. आणखी एक? बरं. तिसरी खात असताना मंजूने त्याला पाहिलं आणि अंगणात धरून असा धपाटा घातला, की कुल्फी मातीत आणि दिनू तिच्या शेजारी.

“बरंच्या दिवसांत काय पन मागायचं न्हाय!”

“तोच देतो तर!”

“तो देत न्हाय! त्याला न्हाय बोलता येत न्हाय म्हनून घेतो आपन! ती चोरी!”

मी नीतिशिक्षणाचे तास घेतलेली बाई. पण एवढं स्वच्छ वाक्य माझ्याकडून कधी झालं नाही.

त्या हिवाळ्यात पुंडलिकशेठ फार दिवस उठले नाहीत. भाकरी अर्ध्याची पाव झाली. मंजूचं परीक्षेत लक्ष लागेना. वर माझ्यासमोर बसून ती खालचा कानोसा घ्यायची, मागांच्या खडखडाटात तिला काय ऐकू येणार होतं कोण जाणे. “बाई, मी परीक्षेला बसले आन तेवढ्यात काय झालं तर?” असं तिने एकदाच विचारलं. ‘काय’ म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

अशाच एका दुपारी क्लास चालू असताना नीला धापा टाकत वर आली.

“मंजू, खाली ये! पडघ्याच्या जमिनीसाठी दलाल आलाय, आणि काका बरं म्हणतायत!”

मंजू चपला न घालता धावली. मागोमाग मी. त्या जमिनीवर गोदामं बांधायला माणसं कधीची टपली होती, आणि आजवर प्रत्येकाने अंगणातूनच ‘न्हाय!’ ऐकून काढता पाय घेतला होता. दिनू शाळेतून नुकताच येऊन दप्तरासकट दारात उभा होता. वहिनी गाळ्यात. आत खाटेसमोर खुर्चीवर दलाल, तोंडात पान.

“मंग पक्कं ना, शेठ? उद्या कागद करू.”

“बरं.”

“गोदामवाल्याला शब्द देतो.”

“बरं.”

“काका, त्याचं बरं धरू नका,” मंजू म्हणाली.

दलाल हसला. “पोरी, मोठी मानसं बोलतात तवा...”

मंजू त्याच्याकडे बघतच नव्हती. “बाबा, गाळ्यात हत्ती बांधायचा?”

“बरं,” पुंडलिकशेठ भिंतीकडे बघत म्हणाले.

“दिनूला सर्कशीत देऊन टाकायचा?”

“बरं.”

“ए! मना कशाला?” दिनू ओरडला.

दलाल पुन्हा हसायला गेला आणि मध्येच थांबला. त्याचं पान तोंडात तसंच राहिलं.

“माझा बापूस आजारी हाय,” मंजू म्हणाली. तिचा आवाज थेट बापावर गेला होता, गल्लीत ऐकू जाईल असा. “पित्त न्हाय ते. तो बसला हाय. बसला की सगळ्याला बरं बोलतो. तो उठंल तवा या, काका.”

कधी आल्या कळलं नाही, पण यमुनावहिनी माझ्या मागे उभ्या होत्या, तोंडावर हात घेऊन. इतक्या वर्षांत त्या घरात हे पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं होतं. दलाल माणूस वाईट नव्हता. तो उठला, वहिनींना नमस्कार केला आणि निघून गेला.

पुंडलिकशेठनी मान वळवली. त्यांना ती वळवायला फार कष्ट पडले.

“तुला कदीपासून ठाऊक?”

“पयल्यापासून.”

“आन दिनूला?”

“मना पन,” दिनू म्हणाला. “आमची शिफ्ट आसते. सकाळ मंजूची, दुपार माझी. आज सरांनी थांबवून घेतलं, म्हनून नीला बदली हाय.”

पुंडलिकशेठ आळीपाळीने तिघांकडे बघत राहिले. गाळ्याचा मालक कितीही बसलेला असला, तरी मालकच.

“बदलीला रोज काय देता?”

“चिंचेची गोळी,” तुमची आई म्हणाली.

“एकच?”

“हो.”

“कमी हाय,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायलाही त्यांनी टॉवेल उचलला नाही.

मंजू खाटेजवळ गेली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग ज्या नियमासाठी भावाला धपाटा घातला होता, तो स्वतः मोडला.

“बाबा, ठाण्याच्या डॉक्टरकडं जायाचं?”

“मंजू...” वहिनी म्हणाल्या.

“बरं,” पुंडलिकशेठ म्हणाले.

मग वहिनींनी डोळे पुसले, पदर खोचला आणि त्या एकदम घाई करायला लागल्या. “बाई, भावजींना बँकेतून बोलवा. दिनू, रिक्षा बघ. आजच जायाचं. उद्या न्हाय बोलला म्हंजे?”

त्या संध्याकाळी तुमचे आजोबा, वहिनी आणि पुंडलिकशेठ ठाण्याला गेले. मंजू हट्टाने बरोबर गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा आजार आहे, याला औषध आहे, वेळ लागेल. “गोळ्या रोज घ्याल ना?” “बरं.” तेव्हा मंजूने डॉक्टरांना सांगितलं म्हणे, “ह्याच्यावर जाऊ नका. मी सांगते, काय समजायचं ते.” डॉक्टर तिला म्हणाले, “आता ते माझ्यावर सोपव. तू अभ्यास कर.” त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी चार्ज घेतला होता. परतीच्या वाटेवर मंजू रिक्षात आजोबांच्या खांद्यावर जी झोपली, ती घरी उचलूनच न्यावी लागली.

औषधाने लगेच काही झालं नाही. दाढी आली-गेली, भाकरी हळूहळू वाढली. मग एका सकाळी मी शिऱ्याची वाटी घेऊन खाली गेले.

“पुंडलिकशेठ, शिरा घ्या.”

“न्हाय!”

आवाज फाटका होता, पण भिंतीला जाऊन आपटला. वहिनींच्या हातातली पळी पडली. दिनू गाळ्याकडे धावत सुटला, “बाबा न्हाय बोलला! बाबा न्हाय बोलला!” मागांच्या गोंगाटात कामगारांना वाटलं, सेठ काहीतरी बंद करायला सांगतायत, आणि त्यांनी चार माग थांबवले. तेवढ्यात शिऱ्याची वाटी रिकामी झाली होती.

दुखणं पुन्हा आलंच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आलं, दोन-तीनदा. पण आता पुंडलिकशेठ सकाळी स्वयंपाकघरात येऊन स्वतःच सांगायचे, “यमुने, आज तोंडात बरं येतंय,” आणि वहिनी ठाण्याला फोन लावायच्या. पित्त त्या घरातून कायमचं गेलं. मुलांना त्यांनी अंगणात उभं करून जाहीर केलं होतं, “शिफ्ट बंद! मालकाचा हुकूम हाय. पोरांनी खेळायचं.” दिनूने लगेच ऐकलं. मंजू परीक्षेला बसली, पण पूर्ण विश्वास ठेवायला तिला वेळ लागला. जाता-येता ती खोलीत डोकावून एकच शब्द विचारायची, “हत्ती?” आतून यायचं, “न्हाय!” मग ती शाळेत जायची. पुढे पुढे सगळं घरच ते विचारायला लागलं. नीला तर नमस्काराच्या ऐवजी तेच म्हणायची.

मीरा, तू विचारलंस, आम्हाला कळतं हे आईला कळतं का? बहुधा नाही. पुंडलिकशेठनाही कळलं नव्हतं, आणि त्यांचा आवाज तर तुमच्या आईपेक्षा कितीतरी मोठा होता. तेव्हा असं करा. ती पुढच्या वेळी ‘मी ठीक आहे’ म्हणाली, की तिला विचारा, “आई, घरात हत्ती बांधायचा का?” ती समजेल. ती त्या शिफ्टला होती. हसली तर बरं, रडली तरी चालेल, पळून जाऊ नका. डॉक्टरचं मी तिच्याशी बोलेन आणि तुमच्या बाबाशीही. माझं तिकीट काढून झालं आहे. चार्ज घ्यायला मी येते आहे. तोवर तुम्ही शाळेत जा आणि खेळा.

पुंडलिकशेठना मी शेवटचं पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, आजोबांची बदली झाली आणि आम्ही भिवंडी सोडली त्या दिवशी. सामानाच्या ट्रकमध्ये पुढे आम्ही तिघं. निरोप देताना वहिनी रडल्या, पुंडलिकशेठ घरातून बाहेरच आले नाहीत. मागच्या खोलीत होते. मला जरा धास्तीच वाटली. ट्रक धामणकर नाक्यावर आला आणि अडकला. चारी बाजूंनी रिक्षा, हातगाड्या, कापडाच्या तागांनी भरलेले टेंपो, सगळ्यांचे भोंगे एकाच वेळी. तेवढ्यात त्या गर्दीच्या पलीकडे, स्कूटर फुटपाथला टेकवून उभे असलेले पुंडलिकशेठ दिसले. बनियन, लेंगा, खांद्यावर टॉवेल. आडवाटेने आमच्याआधी पोचले होते आणि आम्हाला शोधत भलत्याच ट्रककडे बघत होते.

तुमची आई खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकली. मी मागून तिचा कुर्ता धरून ठेवला.

“काका!” ती ओरडली. “हत्ती?”

त्यांनी वळून बघितलं. टॉवेल खांद्यावरून काढला, डोक्यावर गरगर फिरवला, आणि नाक्यावरच्या झाडून सगळ्या भोंग्यांच्या वरून त्यांचा आवाज आला,

“न्हाय!”